रात्रपाळीचा ऊस

आमच्या वाळवा तालुक्यात माझ्या शिवारातली शेतीची लाइट एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. ज्याला ऊस नाही त्याला यात विशेष काही वाटायचं नाही. मला दीड एकर आडसाली ऊस आहे, हायस्कुलात विज्ञानाचे तास आहेत आणि शेताला गडी मिळत नाही. म्हणून दर दुसऱ्या सोमवारी मी विमानात न बसता अमेरिकेला जातो आणि पुढच्या सोमवारी परत येतो. सामान एकच, खोरं.

रात्री साडेबाराला थ्री फेज येते. येते म्हणजे यायची असते. मोबाइलचा गजर होतो, मी गमबूट चढवतो, बॅटरी घेतो आणि बायको पांघरुणातूनच म्हणते, "अहो, बिबट्या बघून जावा." बघितल्यावर पुढं काय करायचं, हे तिनं आजवर सांगितलेलं नाही. मला मात्र बिबट्याचा हेवा वाटतो. साऱ्या शिवारात रात्रपाळी त्याच्याच अंगाला मानवते. बाकी ऊससुद्धा झोपलेला. पानावरची बारीक छिद्रं मिटून तो गप उभा आणि त्याचा मालक दातात बॅटरी धरून, मोटारीचं पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, चिखलात दारं मोडतोय.

हे असं का होतं, ते मी आठवीच्या पोरांना दरवर्षी सांगतो. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूत जिथं एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर सुमारे 20,000 पेशींचा एक पुंजका असतो. शरीराचं मुख्य घड्याळ तेच. सकाळचा उजेड बघून ते रोज वेळ लावून घेतं, पण उजेड नाही मिळाला म्हणून बंद पडत नाही. ज्यां-जाक द मेरां या फ्रेंच गृहस्थानं 1729 मध्ये लाजाळूसारखं झाड अंधारात ठेवून बघितलं. सूर्य दिसत नसतानाही पानं सकाळी उघडायची आणि रात्री मिटायची. माणसाचं घड्याळ असं मोकळं सोडलं तर रोज दहा-बारा मिनिटं मागं पडतं. आमच्या गावच्या मानानं हे काहीच नाही.

आतली करामत मात्र दारं धरणाऱ्यालाच नीट उमजावी. पेशीत 'पिरियड' नावाचा जनुक असतो. तो चालू झाला की एक प्रथिन तयार होऊन साठत जातं. सरी तुडुंब भरली की तेच प्रथिन उलटं फिरून पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि ज्या दारातून आलं तेच दार बंद करतं. मग साठलेलं हळूहळू मुरतं, दार पुन्हा उघडतं. एका फेऱ्याला साधारण 24 तास. सडक्या केळ्यावर घोंघावतात त्या चिलटांत हे शोधून काढल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. पाणी आपलं आपण येऊन दार लावतंय, हे आमच्या आण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "मास्तर, आसली सरी मला बी एक पाडून द्या."

बरं, घड्याळ एकच असतं तर निभावलं असतं. यकृतालाही स्वतःचं असतं आणि ते जेवणाच्या वेळेवर चालतं. मी रात्री दोनला बांधावर बसून कागदातलं भडंग खातो. मेंदू म्हणतो मध्यरात्र, यकृत म्हणतं नाश्ता. या दोघांच्या भांडणात जळजळ होते ती मला. पहाटे चारच्या सुमारास अंगाची ऊब सगळ्यात खाली जाते. तेव्हा मी खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभ्या उभ्या झोपतो आणि पाणी शेजाऱ्याच्या शेतात जातं. शेजारी म्हणजे आण्णाच. त्यांनी याची कधी तक्रार केली नाही.

मागल्या पाळीला मी शास्त्राच्या आधारानं बंदोबस्त करायचं ठरवलं. रात्रपाळी करून घरी जाताना समोरचं ऊन डोळ्यांत शिरतं आणि आतलं घड्याळ 'उजाडलं' म्हणून ताजंतवानं होतं. मग झोप कुठली! तेव्हा हा उजेड अडवायचा. लग्नातला काळा गॉगल काढला आणि सकाळी सातला चिखलानं भरलेल्या गमबुटांवर तो लावून गाडीवरून गावात शिरलो. पहिल्या दिवशी पारावरचे लोक गप्प बसले. दुसऱ्या दिवशी मेडिकलवाल्यानं न मागता डोळ्यांचे ड्रॉप पुढं केले. तिसऱ्या दिवशी आण्णा दोन शहाळी घेऊन दारात.

"मोतीबिंदू कवा काढला, मास्तर? कळवायचं न्हाई व्हय?"

मी घड्याळ, पेशी, उजेड सगळं समजावलं. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना बायकोला हळू आवाजात विचारलं, "डॉक्टर चांगला हाय न्हवं?"

शाळेतली गोष्ट थोडक्यात सांगतो. लाजाळूचाच धडा शिकवत होतो. 'पानं मिटली' इथवर मला आठवतं. घंटेनं जाग आली तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती आणि पोरांनी पंख्याचा वेग माझ्यासाठी वाढवला होता. एरवी हीच पोरं छप्पर डोक्यावर घेतात.

हे घड्याळ ओढून ओढून दिवसाला साधारण तासभर सरकतं. बारा तास फिरवायचे तर बारा दिवस पाहिजेत. आमचा आठवडा सातच दिवसांचा. कुठं जरा सवय लागतेय तोवर दिवसाची पाळी येते.

तशी ती आली. पहिल्याच रात्री साडेबाराला गजराशिवाय टक्क डोळे उघडले. कूस बदलून बघितली, उलटे आकडे मोजले. शेवटी गमबूट घालून मळ्यात गेलो. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. काही नाही. विहिरीपलीकडं बॅटरी चमकली.

"कोण हाय?"

"मीच," मी म्हणालो. "आण्णा, लाइट दिवसाची हाय की आता."

"मला म्हाईत हाय," आण्णा म्हणाले. "भडंग आणलंय न्हवं?"