निळा चहा

तळमजल्याच्या फ्लॅटमागे बिल्डरला काहीच बांधता आलं नाही अशी आठ बाय दहाची पट्टी आहे. तिला आम्ही बाग म्हणतो. तिथल्या फुलांचं वाटप आईने केव्हाच करून टाकलंय. तांबडी जास्वंद गणपतीची, गोकर्णी महादेवाची, प्राजक्ताचा सडा कृष्णाचा आणि झेंडू दसऱ्याचा. माझ्या वाट्याला पाणी घालणं.

अशात डॉक्टरांनी दिवसाचे पाच चहा दोनवर आणायला सांगितले आणि ऐन श्रावणात मी हर्बल टीचा संकल्प सोडला.

जास्वंदीचा चहा लालचुटुक आणि आंबटगोड होतो असं ऐकून होतो. पाच फुलं उकळली. कप तिरका केला, तर चहा आधी हललाच नाही आणि मग सगळा एकदम आला. मागाहून कळलं, की तो आंबट चहा लाल अंबाडीच्या बोंडांचा. जास्वंदीच्याच कुळातली, पण वेगळी. आमच्या कुंपणावरची जास्वंद नुसतीच बुळबुळीत. आईने तो चहा वाया घालवला नाही. केसांना लावला. तिचे केस छान मऊ झाले हेही मला चारदा ऐकावं लागलं. (शेजारच्यांच्या पिवळ्या कण्हेरीला मात्र मी हात लावला नाही. ती विषारी असते आणि माझा विम्याचा हप्ता थकला होता.)

मग गोकर्णी. सकाळी सहाला, आईच्या आणि महादेवाच्या आधी उठून सात फुलं खुडली. गरम पाण्यात टाकताच असा सुरेख निळा रंग उतरला की मला स्वतःचाच अभिमान वाटला. वास मात्र उकडलेल्या घेवड्याचा. गोकर्णी घेवड्याच्याच कुळातली असल्यामुळे तिला तरी काय बोलणार?

नेमके अप्पाकाका टपकले. त्यांनी कप उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "पेन आण रे, भरून घेतो."

मी घाईने लिंबू पिळलं. चहा जांभळा झाला. माझी सातवीतली कन्या इतका वेळ गप्प होती, ती आता चेकाळली. "बाबा, त्यात अँथोसायनिन असतं! आंबटात जांभळं होतं, आता सोडा टाकून बघू!" आणि कोणी अडवायच्या आत तिने काकांच्या दुसऱ्या कपात चमचाभर खायचा सोडा टाकला. चहा हिरवट झाला. काकाही झाले. तेव्हापासून ते आमच्याकडे येताना घरून चहा पिऊन येतात.

उरलेल्या फुलांची वहिनी-मंडळी करतात तशी भेटकार्डं करायची ठरवलं. ताईचा वाढदिवस जवळ आला होता. घरातलं सर्वांत जड पुस्तक म्हणजे जुनी टेलिफोन डिरेक्टरी, तिच्यात फुलं दाबली, वर गव्हाचा डबा ठेवला. मधला कागद रोज बदलायचा असतो, ते राहून गेलं. त्यात पावसाळी हवा. आठव्या दिवशी उघडलं तर आत बुरशीची नवीच बाग. जास्वंदीने केळकरांचं पान केसकरांच्या पानाला कायमचं चिकटवलं होतं. इतका सलोखा मी आमच्या सोसायटीत पाहिलेला नाही.

आईने शांतपणे देव्हाऱ्यातून पोथी आणली. पानापानात फुलं. कागदासारखी पातळ, रंग विटलेली, पण पाकळीन् पाकळी जागच्या जागी.

"ही वाडीची शेवंती. हा गुलाब तुझ्या बारशाचा."

"आई, हे जमतं कसं?"

"ओलंच दाबतोस मेल्या. आधी दिवसभर देवाच्या डोक्यावर सुकू द्यावं."

मी आशेने हात पुढे केला. तिने बराच विचार करून एक अबोली काढून दिली.

"लाव कार्डाला. आणि ताईला सांग, वाचून झालं की फूल परत पाठव."