पोरगी 'मामा' म्हणाली, पण कोणाला?

गेल्या रविवारी आमच्या घरी दोन अक्षरांवरून भांडण झालं. बहिणीची पोरगी, दहा महिन्यांची, तिच्या त्या उंच खुर्चीत बसलेली. समोर वाटीत वरण-मऊभात, वरून तूप. चमचा तोंडापाशी आला आणि नेमका बहिणीचा फोन वाजला. चमचा वाटीत परत गेला. पोरीनं वाटीकडे पाहिलं आणि टाहो फोडला, "मा-मा-मा-मा!"

मी उडीच मारली. "ऐकलं का सगळ्यांनी? पहिला शब्द, मामा!" बहीण फोनवर हात ठेवून म्हणाली, "काही नाही, मला बोलावून राहिली ती. मम्मा म्हणतेय." आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, मंमं मागून राहिलं ना लेकरू! आधी चारा तिला, मग भांडा."

संध्याकाळी ही गंमत फॅमिली ग्रुपवर टाकली. पाच मिनिटांत एका काकांचं उत्तर: जगभर आईला 'मा', 'मामा' म्हणतात, याचाच अर्थ सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या. खाली जोडलेल्या हातांची रांग. काका वडीलधारे, शिवाय दिवाळीला त्यांच्याकडेच फराळाला जायचं आहे, म्हणून तिथे गप्प बसलो. इथे मात्र लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे संस्कृतात आईच्या भावाला रुळलेला शब्द 'मातुल'. बरं, ते सोडा. जॉर्जियाला चला, तिबिलिसीवाल्या. तिथे 'मामा' म्हणजे बाप! आई म्हणजे 'देदा'. चर्चमधल्या पाद्र्याला हाक मारायची तर 'मामाओ', कोंबडा म्हणजे 'मामाली', आणि मातृभाषा म्हणजे 'देदा एना'. या भाषेचं नातं ना संस्कृतशी, ना तेलुगूशी, ना अरबीशी. काॅकेशसच्या डोंगरात तिचं स्वतःचं छोटंसं कुटुंब आहे. असा एखादा जॉर्जियन पाहुणा आपल्याकडच्या लग्नात बसवा. माइकवरून भटजी पुकारतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." हा समाधानानं मान डोलावणार, बरोबर आहे, बापानंच आणायला पाहिजे. आणि खरा बाप तेव्हा मागे केटररशी पोळ्या कमी पडल्या म्हणून हुज्जत घालत असतो.

ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटात पित्जंतजत्जारा भाषा बोलणारे लोक आहेत. त्यांच्यातही 'मामा' म्हणजे बाप. त्यांनी जॉर्जियाकडून शब्द उसना आणला असेल असं व्हॉट्सॲपवरसुद्धा कोणी म्हणणार नाही. स्वाहिलीत आणि चिनीत आई. स्पॅनिशमध्ये जोर शेवटच्या अक्षरावर दिला तर आई आणि पहिल्या अक्षरावर दिला तर स्तन, तेव्हा जरा जपून. लॅटिनमध्ये 'मम्मा'चे हे दोन्ही अर्थ होते, आणि त्यातूनच लिनियस नावाच्या निसर्गशास्त्रज्ञानं 1758 साली आपल्या सगळ्या जातकुळीला 'मॅमेलिया' नाव दिलं. आपण शाळेत त्याचंच 'सस्तन प्राणी' घोकलं.

मग हे होतं कसं? रोमान याकोबसन नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं 1960च्या सुमारास यावर एक निबंधच लिहिला. त्याचं म्हणणं साधं आहे. दूध पिताना लेकराचं तोंड गच्च असतं, आवाज निघाला तर नाकातूनच निघणार, म्हणजे 'म्म'. पुढे भूक लागली की तेच 'म्म' मागणी म्हणून येतं आणि ओठ उघडले की 'मा' होतं. बाळाला फक्त हवं असतं. त्याला अर्थ लावतात मोठी माणसं, आणि ज्याला मान हवा तो लावतो. कुठे आईनं लावला, कुठे बापानं, आपल्याकडे मामानं. जपानमध्ये तर लहान पोरं जेवणाला 'मान्मा' म्हणतात. हे आईला सांगितलं तर म्हणाली, "मग मी काय सांगत होती?"

म्हणून माझं म्हणणं, नुसता आवाज जुळला म्हणजे नातं नसतं. फारसीतला 'बद', आपल्या 'बदनाम'मधला, आणि इंग्रजीतला 'बॅड' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ऑस्ट्रेलियातल्याच म्बाबाराम भाषेत कुत्र्याला 'डॉग' म्हणत, इंग्रजांनी न शिकवता. उलट आपलं 'चाक' आणि इंग्रजीतलं 'व्हील' कानाला अजिबात जुळत नाहीत, आणि ते सख्खे नातेवाईक आहेत, एकाच मुळाचे. लांब कशाला, आमच्या पुण्याच्या वहिनीला इथल्या, नागपूरच्या भाजीवाल्यानं "ताई, सांबार देऊ का?" विचारलं, म्हणजे कोथिंबीर, तर ती म्हणाली, नको, घरी इडल्या नाहीत.

जुळलेला अर्थ मात्र तपासून पाहण्यासारखा असतो. आपल्याकडे सून सासऱ्याला 'मामाजी' किंवा 'मामंजी' म्हणते आणि सासूला 'आत्याबाई'. का? कारण मामाच्या नाहीतर आत्याच्या घरी लग्न जुळवायची चाल. तेलुगूत 'मामा' म्हणजे आईचा भाऊही आणि सासराही. माझ्या ऑफिसातल्या तेलुगू सहकाऱ्याला यात काही विशेष वाटत नाही. शेजारचे मिश्राजी मात्र मामेबहिणीशी लग्न म्हटलं की कानावर हात ठेवतात, "राम राम, वो तो बहन हुई!" इरावती कर्व्यांनी 1953च्या आपल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला पट्टा म्हणून मांडला आहे. ते समजायला मला ग्रंथ उघडावा लागत नाही, आमचा जिना पुरतो. दक्षिणेशी आपली खरी सोयरीक दिसते ती इथे, कोण कोणाला मामा म्हणतो यात.

बाकी आपण तो शब्द कुठेही चिकटवतो. परवा व्हरायटी चौकात हेल्मेट गाडीच्या हँडलला लटकवून चाललो होतो. शिट्टी वाजली. मी आपला, "मामा, जाऊ द्या ना, इथंच तर चाललो." मामांनी आधी गाडीच्या नंबरचा फोटो काढला, मग माझ्या डोक्याचा. चूक माझीच होती. तिथे कुठल्याच भाषेतला मामा कामाला आला नाही.

काल संध्याकाळी पुन्हा बहिणीकडे गेलो. पोरगी मला पाहून "मा-मा" म्हणाली, मी हरखलो आणि तिला उचलायला वाकलो. तिनं माझ्या खांद्यावरून हात लांब केला. मागे आई वाटी घेऊन उभी होती.