‘ए + टी = ५०’ या ट्रिकवर पेपर सोडवू नका

नागपुरात नीटची तयारी करणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, ‘डीएनएचं गणित १० सेकंदांत’. डीएनएत समोरासमोर दोन साखळ्या (स्ट्रँड) असतात, त्यांवर ए, टी, जी, सी हे चार घटक (बेस) असतात, आणि ए-समोर टी, जी-समोर सी अशी जोडी लागते. मेसेजमध्ये चार दावे आहेत: ए + टी = जी + सी = ५० टक्के; एकाच स्ट्रँडमध्येही ए = टी; आरएनएत (डीएनएसारखाच रेणू, पण टीऐवजी यू हा बेस असलेला) टीच्या जागी यू लिहा, बाकी नियम तोच; आणि दोन स्ट्रँडना जोडून ठेवणारे हायड्रोजन बंध मोजायला ए व टीच्या प्रत्येक बेसला २ ने, जी व सीच्या प्रत्येक बेसला ३ ने गुणा. चारही चुकीचे आहेत.

पहिला दावा. ए = टी आणि जी = सी हे खरंच आहे, जीवरसायनशास्त्रज्ञ चारगाफने ते १९५० च्या सुमारास मोजून मांडलं. पण त्याच्या जोडीला ए + टी = जी + सी हेही मानलं, तर प्रत्येक सजीवात चारही बेस २५-२५ टक्केच निघतील आणि विचारायला प्रश्नच उरणार नाही. माणसाच्या डीएनएत ए सुमारे ३० टक्के आहे, जी सुमारे २०. बेरीज ५० येते ती जोडी न जमणाऱ्या दोघांची: ए + जी, ए + सी, टी + जी, टी + सी. म्हणजे सी १८ टक्के दिला असेल, तर जी १८, आणि ए व टी प्रत्येकी ५० − १८ = ३२. शेवटी चारांची बेरीज करून १०० येते का बघा.

दुसऱ्या दाव्यात सगळ्यात जास्त मुलं फसतात. वहीत हा स्ट्रँड लिहा:

ए ए जी टी सी ए जी ए टी ए

मोजा: ए ५, टी २, जी २, सी १. इथे ए आणि टी सारखे नाहीत, आणि तसे असायचं कारणही नाही, कारण या ए-ची जोडी समोरच्या स्ट्रँडमधल्या टी-शी आहे. आता खाली पूरक स्ट्रँड लिहा:

टी टी सी ए जी टी सी टी ए टी

यात टी ५, ए २, सी २, जी १. दोन्ही मिळून २० बेस: ए ७, टी ७, जी ३, सी ३. आता कुठे ए = टी झाले, ३५-३५ टक्के. पहिल्या स्ट्रँडमध्ये मात्र ए ५० टक्के होता. म्हणून प्रश्नात ‘एका स्ट्रँडमध्ये ए ५० टक्के’ असं असेल, तर समोरच्यात टी ५० टक्के, इतकंच लगेच सांगता येतं. पूर्ण रेणूतला ए काढायला दोन्ही स्ट्रँडमधल्या ए-च्या टक्केवारीची सरासरी घ्या: (५० + २०) ÷ २ = ३५. आणखी एक गोष्ट इथेच पाहून ठेवा. (ए + टी) ÷ (जी + सी) हे गुणोत्तर दोन्ही स्ट्रँडमध्ये ७/३ च राहतं, पण (ए + जी) ÷ (टी + सी) वरच्यात ७/३ आणि खालच्यात ३/७, म्हणजे उलटतं. यावरही प्रश्न येऊ शकतो.

तिसरा दावा. जोडी लागते ती दोन स्ट्रँड असतील तेव्हा. रेणू डीएनए की आरएनए, यावर ते ठरत नाही. काटोल-वरूडकडच्या संत्रा बागायतदारांना ठाऊक असलेला ट्रिस्टेझा विषाणू एकेरी (एकाच स्ट्रँडच्या) आरएनएचा आहे. त्यात ए वरून यू काढता येत नाही. रोटाव्हायरसचा आरएनए दुहेरी, तिथे ए = यू चालतं. उलट फाय-एक्स १७४ या विषाणूत डीएनए असूनही तो एकेरी आहे: ५३८६ बेस, ए सुमारे २४ टक्के, टी सुमारे ३१. प्रश्नात ए, टी जुळत नसतील तर रेणू एकेरी आहे, असंच उत्तर अपेक्षित असतं.

चौथा. बंध जोडीचा असतो, बेसचा नाही: ए-टीच्या जोडीत २, जी-सीच्या जोडीत ३. वरच्या तुकड्यात ए-टीच्या ७ आणि जी-सीच्या ३ जोड्या आहेत: ७ × २ + ३ × ३ = २३. मेसेजच्या रीतीने ४६ येतात, बरोब्बर दुप्पट. त्यामुळे प्रश्नातला शब्द नीट वाचा. ए ३० टक्के असताना १००० ‘बेस’ म्हटलं असेल तर ए ३०० आणि जी २००, म्हणून १२०० बंध. १००० ‘बेस-जोड्या’ म्हटलं असेल तर २४००.