जोतीरावांचे नगरपालिकेतील दिवस : एका आक्षेपाला उत्तर

महोदय,

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, त्या कामाविषयीच्या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत : ते सरकारनियुक्त होते; ते सरकारी कामांचे कंत्राटदार होते; आणि पाणी, गटारे, रस्ते सोडून त्यांनी प्रत्येक चर्चेत शिक्षण ओढून आणले, तेही काही पदरात न पडता.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. लेखात मी ‘लोकप्रतिनिधी’ हा शब्द वापरला, तो चुकीचा होता आणि आता बदलला आहे. स्थानिक स्वराज्याविषयीचा व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांचा प्रसिद्ध ठराव १८८२चा, म्हणजे जोतीरावांची मुदत संपत आली तेव्हाचा. त्यामुळे मतदारांनी त्यांना निवडले असे म्हणता येत नाही.

दुसऱ्या आक्षेपाबाबत मात्र मी सहमत नाही. कंत्राटदारी ही त्यांच्या चरित्रातली झाकून ठेवण्याची बाब नव्हती, निदान त्यांनी स्वतः ती तशी मानली नाही. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे ऑक्टोबर १८८२मध्ये निवेदन देताना त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज, अशी लिहिली. (त्या काळी ‘कमिशनर’ म्हणजे सदस्य, आजच्या आयुक्तांशी त्याची गल्लत नको.) खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी बांधकामाचे साहित्य पुरवले होते, म्हणून दगड-चुन्याचा भाव आणि मजुराच्या हाती प्रत्यक्षात पडणारे पैसे त्यांना कागदावरून शिकावे लागले नसणार. आता पाहा : व्हाइसरॉयच्या पुणेभेटीसाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्चण्याचे ठरवले, तेव्हा सभागृहात विरोधी मत एकट्या जोतीरावांचे पडले आणि ती रक्कम गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावी असे त्यांनी सुचवले. ज्याने नेमले ते सरकार, ज्याच्याकडून कामे मिळत ते सरकार, आणि विरोध त्याच सरकारच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या स्वागताला. हितसंबंध जपणाऱ्या माणसाने तेवढा दिवस गप्प बसून काढला असता.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी १८८०मध्ये नगरपालिकेच्या कार्यकारी मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. त्यातला त्यांचा मुद्दा नगरपालिकेच्याच कामातून निघालेला आहे : एकीकडे लोकांच्या आरोग्यासाठी पैसा खर्च करायचा आणि दुसरीकडे ते आरोग्य बिघडवणारी दुकाने वाढताना पाहायची, हे कसे? पाण्याचेही तेच. १८६८मध्ये, सदस्य होण्याच्या आठ वर्षे आधी, त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. शहराला पाणी किती येते याइतकेच ते कोणाला भरू देतात, हे त्यांच्या लेखी महत्त्वाचे होते. तेव्हा पाणी-गटारांकडे त्यांचे लक्ष नव्हते हे म्हणणे मला पटत नाही.

शिक्षण त्यांनी वारंवार आणले, हे खरेच. पण त्याच हंटर निवेदनातील एक भाग बहुधा आपल्या नजरेतून सुटला असावा. मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी उचलावा, असे जोतीराव तिथे म्हणतात. मात्र त्या शाळांचा कारभार पूर्णपणे नगरपालिकांच्या हाती देऊ नये, देखरेख शिक्षणखात्याचीच असावी, असेही त्याच दमात सांगतात. सहा वर्षे सभागृहात बसलेला सदस्य आपल्याच संस्थेवर एवढा अविश्वास दाखवतो, तो तिथे कोणाची मुले डोळ्यांसमोर ठेवून निर्णय होतात हे पाहिल्यामुळेच, असे मला वाटते. मूळ लेखात मी हा भाग दोन ओळींत उरकला, ती माझी चूक. आपण दाखवलेल्या चुकांपेक्षा ती मोठी आहे.

राहिला पदरात काय पडले हा प्रश्न. स्वागताच्या खर्चाचा ठराव त्यांच्या विरोधाने अडला नाही. मंडईच्या भव्य इमारतीपेक्षा तो पैसा शिक्षणावर लागावा, असे त्यांचे मत होते. तेही चालले नाही. इमारत उभी राहिली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना ते बदलून तिला महात्मा फुले मंडई हे नाव देण्यात आले, आणि ज्या खर्चाला जोतीरावांचा विरोध होता त्याच वास्तूवर आज त्यांचे नाव आहे.