निकोबारचं सिंगापूर करण्याआधी

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर ग्रेट निकोबारच चाललंय. गॅलाथिया बेमध्ये मोठं बंदर होणार. ठाण्याचे काका लिहितात, ‘मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी आपलं सिंगापूर उभं राहील!’ रत्नागिरीची मामेबहीण जंगलाची आणि तिथल्या शोम्पेन आदिवासींची बाजू घेते, की सगळे तिच्यावर तुटून पडतात. मी बावीस वर्षं सिंगापुरात राहतोय. हे नाव असं घोषणेसारखं वापरलेलं मला सहन होत नाही.

काका दोनदा येऊन क्रेनचे फोटो काढून गेले. बुकित तिमाहचा फोर्डचा जुना कारखाना त्यांना दाखवायचा राहिला. ब्रिटिश या बेटाला अभेद्य किल्ला म्हणत. मोठ्या तोफा समुद्राकडचा हल्ला रोखायला होत्या, जपानी आले मलायातून. माघार घेताना ब्रिटिशांनीच मलायाला जोडणारा रस्ता, कॉजवे, उडवला, त्याबरोबर जोहोरहून येणारी पाण्याची पाइपलाइन तुटली. 15 फेब्रुवारी 1942 ला त्या कारखान्यात ब्रिटिश सेनापती पर्सिव्हलनी शरणागतीवर सही केली, तेव्हा शहरातलं पाणी संपत आलं होतं. पुढे जपान्यांनी हजारो चिनी पुरुषांना वेचून मारलं. तांदूळ बाहेरून यायचा, तो मिळेनासा झाला. आमच्या ब्लॉकमधल्या नव्वदीच्या आजी अजून टॅपिओकाला हात लावत नाहीत. आपण उपासाला हौसेने खातो तो साबुदाणा याच कंदाचा. त्यांनी हा कंद लहानपणी, जपानी अमलातली साडेतीन वर्षं, भुकेपोटी खाल्ला.

आमच्याकडे दर 15 फेब्रुवारीला संध्याकाळी 6.20 ला त्या शरणागतीच्या आठवणीत भोंगा वाजतो. तांदळाच्या आयातदारांना साठा ठेवावाच लागतो. ग्रुपवर मात्र युद्धाच्या गप्पा मारताना पाण्याचा, धान्याचा हिशोब कुणी मांडत नाही.

आणि सिंगापूर कशाला, अंदमानचंच घ्या. सेल्युलर जेल म्हटलं की आपल्याला सावरकर आठवतात, आठवायलाच हवेत. पण मार्च 1942 मध्ये जपान्यांनी बेटं घेतली आणि त्याच जेलमध्ये पंजाबी कवी डॉ. दिवाण सिंग यांना छळून मारलं. 30 जानेवारी 1944 ला हम्फ्रीगंजला 44 भारतीयांना गोळ्या घातल्या. 1945 मध्ये अन्न संपत आलं तेव्हा शेकडो लोकांना बोटीत घालून हॅवलॉक बेटाजवळ समुद्रात लोटलं. मोक्याच्या बेटावरचा सामान्य माणूस आधी असा मरतो. ग्रेट निकोबारला तर 2004 च्या त्सुनामीत इंदिरा पॉइंटची जमीन 4 मीटरहून जास्त खचली.

बंदर नको असं मी म्हणत नाही. लाल समुद्रात हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा 2024 मध्ये इथल्या ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावरून मीच रोज खोळंबलेली जहाजं मोजायचो. पर्यायी बंदराची किंमत मला कळते.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काकांनी एका ओळीत उत्तर दिलं, ‘तू आता तिकडचा झालास.’

पुढच्या महिन्यात माझा मुलगा एनएससाठी, म्हणजे इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेसाठी, टेकॉन्ग बेटावर जातोय. दोन वर्षं. आम्ही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, माझा पासपोर्ट अजून भारतीय. वेळ आली तर या बेटासाठी बंदूक तो उचलेल, आणि त्याला तसं वाढवलंय मीच. परवा बॅग भरताना त्याने विचारलं, ‘बाबा, उद्या तुमच्या निकोबारवरून काही झालं, तर मी कुठल्या बाजूला?’ ‘तुमच्या’ म्हणाला तो. मी त्याचे मोजे मोजत राहिलो.