छिद्रे नसलेल्या फ्रेमवर मागचे कॅरिअर : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपल्या प्रतिक्रियेतील आक्षेप थोडक्यात असा आहे की, ज्या फ्रेमला कॅरिअरसाठी आट्यांची छिद्रे दिलेली नाहीत ती फ्रेम ओझे वाहण्यासाठी बनवलेलीच नसते, आणि अशा सायकलीला कॅरिअर बसवण्याचा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे आहे. आपल्या सायकलीवर खालच्या टोकांना लावलेल्या पी-क्लिप (नळीभोवती बोल्टने आवळायच्या, आतून रबर असलेल्या पट्ट्या) हळूहळू घसरत गेल्या आणि कॅरिअर मागच्या ब्रेकवर टेकले, हा अनुभव आपण पुरावा म्हणून दिला आहे, आणि सीटपोस्टला (सीट ज्यावर बसते त्या दांड्याला) पकडणारे कॅरिअर हाच सुरक्षित पर्याय असल्याचेही म्हटले आहे. पी-क्लिपविषयीची आपली काळजी रास्त आहे. परंतु त्यावरून आपण काढलेले दोन्ही निष्कर्ष मला पटत नाहीत.

छिद्र नसणे म्हणजे फ्रेम कमकुवत असणे नव्हे. शर्यतीच्या किंवा डोंगरी वाटांच्या सायकलींना ही छिद्रे बहुतेक वेळा दिली जात नाहीत, कारण त्यांवर सामान बांधले जाईल अशी निर्मात्याची कल्पना नसते. पण स्वाराच्या वजनाचा मोठा भाग मागच्या चाकावर पेलण्याचे काम त्याही फ्रेमला करावेच लागते आणि खड्ड्यात चाक आपटल्यावर तो भार कित्येक पटींनी वाढतो. मात्र फ्रेम सगळीकडे सारखी मजबूत नसते. जिथे चाकाचा आस बसतो ती जागा भार घेण्यासाठीच घडवलेली असते, तर सीटखालून आसाकडे उतरणाऱ्या दोन बारीक नळ्या लांबीच्या दिशेने भक्कम असल्या तरी बाजूने आवळल्यास चेपू शकतात. म्हणून पहिला प्रश्न छिद्र आहे की नाही हा नसून, सामानाचे वजन नेमके कुठे उतरणार हा असायला हवा.

नेहमीचे कॅरिअर चार ठिकाणी धरलेले असते. खालचे दोन पाय आसाजवळ आणि पुढच्या दोन पट्ट्या सीटखाली. वजन जवळजवळ सगळे खालच्या पायांतून उतरते; वरच्या पट्ट्यांचे काम कॅरिअर मागेपुढे कलू न देणे आणि डोलू न देणे एवढेच असते. आपल्या सायकलीवर जे घडले त्याचे कारण इथेच आहे. पी-क्लिप केवळ घर्षणाने नळीला धरून राहते. शिवाय अनेक फ्रेममध्ये या नळ्या खाली जाताना निमुळत्या होतात, त्यामुळे क्लिप थोडी घसरली की तिची पकड आणखी सैल होते आणि घसरण वाढतच जाते. तीच क्लिप वरच्या पट्ट्यांसाठी वापरली, नळी धातूची व गोल असली आणि क्लिपचे माप तिच्या जाडीशी जुळले, तर ती चांगले काम देते, कारण तिथे तिला वजन पेलायचे नसते.

खालच्या टोकांसाठी मी आसाचाच आधार घ्यावा असे म्हणतो. क्विक रिलीज (खटका फिरवून चाक झटकन सोडवता येणारा बारीक दांडा) असलेल्या चाकासाठी लांब दांड्याचे आणि दोन्ही बाजूंना कॅरिअरचे पाय धरणारे तुकडे असलेले जोड मिळतात. थ्रू-अ‍ॅक्सलच्या (फ्रेममधून आरपार जाऊन आट्यांनी आवळला जाणारा जाड आस असलेल्या) सायकलींसाठी मूळ आस काढून त्याजागी दोन्ही टोकांना आटे असलेला आस बसवता येतो, फक्त त्याची लांबी, जाडी आणि आट्यांचे माप मूळ आसाशी तंतोतंत जुळायला हवे. जुनाच क्विक रिलीज ठेवून मध्ये पट्टी घुसवण्याचा मोह टाळावा. पट्टीच्या जाडीएवढे नटाचे आटे कमी पकडले जातात आणि चाक धरून ठेवणारी गोष्टच दुबळी होते. या पद्धतीत पंक्चर काढताना कॅरिअरचे पायही सोडवावे लागतात, ही गैरसोय खरी आहे; ती मला परवडते.

वरच्या बाजूला क्लिप नको असेल तर सीटपोस्ट आवळणारी कडी बदलून, दोन एम५ (५ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे) आटे असलेली कडी लावावी. २८.६, ३१.८ आणि ३४.९ मिलिमीटर ही तिची प्रचलित मापे आहेत.

आता सीटपोस्टवरच्या कॅरिअरविषयी. ते एकाच ठिकाणी धरलेले आणि मागे अधांतरी असते. ९ किलो वजन पकडीपासून २५ सेंटिमीटर मागे असेल, तर सायकल उभी असतानाही सुमारे २२ न्यूटन-मीटरचा पीळ त्या पकडीवर येतो, आणि खड्ड्यांत तो वाढतो. वळणावर सामान बाजूला ओढले गेले की पकड पोस्टभोवती फिरू लागते. म्हणूनच अशा कॅरिअरची मर्यादा सहसा १० किलोच्या आतबाहेर असते, तर चार ठिकाणी धरलेली अनेक कॅरिअर २५ किलोपर्यंत वाहतात. पावसाळी कोट आणि हत्यारांची छोटी पिशवी यांसाठी ते पुरेसे आहे. दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्यांसाठी मी ते सुचवणार नाही.

कार्बनच्या फ्रेमबाबत मात्र आपला आक्षेप मी जसाच्या तसा मान्य करतो. कार्बनच्या नळीवर क्लिप आवळू नये, आणि निर्मात्याने स्पष्ट परवानगी दिली नसेल तर कॅरिअरचा विचारच सोडावा. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला भोके पाडणे किंवा वेल्डिंगने कान जोडणेही तितकेच घातक आहे; उष्णतेने तापवून आणलेली तिची ताकद वेल्डिंगच्या आसपास निघून जाते.

छिद्रे नसलेल्या सायकलींचा मागचा भाग बहुधा आखूड असतो, त्यामुळे पेडल मारताना टाच पिशवीला लागते. पिशव्या मागे सरकवाव्यात, पण आसाच्या फार मागे नव्हे, नाहीतर पुढचे चाक हलके पडते. कमी आऱ्यांच्या शर्यतीच्या चाकावर ओझेही बेतानेच ठेवावे.

आपल्या सायकलीला क्विक रिलीज असल्याचे आपण लिहिले आहे. तेव्हा खालच्या क्लिप काढून आसाचा जोड घ्यावा, वरच्या तशाच राहू द्याव्यात, प्रत्येक बोल्टवर रंगाची बारीक रेघ शेजारच्या भागापर्यंत ओढावी आणि काही फेऱ्यांनंतर रेघ तुटली आहे का ते पाहावे. क्लिपखालचा रंगही अधूनमधून तपासावा, कारण रबराखाली अडकलेली वाळू नळी घासत राहते.