मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका

व्हॉट्सॲपवर एक मजकूर जोरात फिरतोय: ‘मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त पातळ करणाऱ्या सगळ्या गोळ्या सात दिवस बंद करा, नाहीतर डोळ्यात रक्तस्राव होऊन नजर जाते. आठवडाभर गोळी नाही घेतली तर काही बिघडत नाही. नंतर डोळा लाल झाला तर समजा गोळीच नडली.’ काळजीपोटीच लोक हे पुढे पाठवतात, पण यातल्या मधल्या वाक्याने माणूस दगावू शकतो.

आधी रक्तस्रावाचं बघू. मोतीबिंदू ध्वनिलहरींनी फोडून काढण्याच्या ‘फेको’ पद्धतीत चीर साधारण सव्वादोन ते पावणेतीन मिलिमीटरची असते आणि बहुधा कॉर्नियाच्या (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या) कडेला घेतात. निरोगी कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, आतल्या भिंगातही नसतात. मग रक्त येणार कुठून? अमेरिका आणि कॅनडातल्या १९ हजारांहून अधिक मोतीबिंदू ऑपरेशनांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. गोळ्या चालू ठेवलेल्यांमध्ये गंभीर रक्तस्राव लक्षणीय वाढलेला त्यात दिसला नाही.

भीतीचं खरं मूळ भुलेत आहे. डोळ्यामागे सुईने इंजेक्शन देताना रक्तवाहिनीला इजा झाली, तर तिथे रक्त साठून दाब वाढतो आणि नजरेला धोका होतो. हे क्वचित होतं, पण होतं. त्यावर उपाय हातात आहे: नुसते थेंब टाकून भूल, किंवा बोथट नळीतून दिलेली भूल. बदलायची तर आधी भुलेची पद्धत बदला.

‘काही बिघडत नाही’ हे तर धडधडीत खोटं आहे. अँजिओप्लास्टीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल मध्येच थांबवलं, तर स्टेंटमध्ये (रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवलेल्या जाळीच्या नळीत) गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. हृदयात कृत्रिम धातूची झडप असेल तर ती गुठळीने अडकू शकते. ठोके अनियमित असतील तर पक्षाघात. मोतीबिंदूचं ऑपरेशन बहुतेक वेळा महिनाभर पुढे ढकलता येतं. पक्षाघाताने गेलेला हात परत मिळेलच असं नाही.

शिवाय ‘सगळ्या गोळ्या’ एका मापाच्या नसतात. वॉरफरिन किंवा एसिट्रॉम घेणाऱ्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) ऑपरेशनच्या आधी तपासतात. तो त्या रुग्णासाठी ठरवलेल्या मर्यादेत, बहुतेकांना २ ते ३, असला की सहसा गोळी चालूच ठेवतात. जास्त आला तर डॉक्टर डोस बदलतात किंवा तारीख पुढे नेतात. अपिक्साबान, रिव्हारोक्साबान या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांचा परिणाम साधारण एक-दोन दिवसांत ओसरतो (किडनी कमजोर असेल तर जास्त वेळ लागतो), त्यामुळे सात दिवसांचा हिशेब तिथे लागूच होत नाही.

डोळा लाल दिसणं म्हणजे बहुधा पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखाली सांडलेलं थोडं रक्त. ते आठ-पंधरा दिवसांत आपोआप विरतं. मात्र ठणका लागला किंवा अंधूक दिसू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

काचबिंदू, पापणी किंवा अश्रुमार्गाच्या ऑपरेशनचं गणित वेगळं. तिथे कधीकधी गोळी थांबवावी लागते, पण किती दिवस, हे डोळ्यांचे आणि हृदयाचे डॉक्टर एकमेकांशी बोलून ठरवतात. तपासणीला जाताना ‘बीपीची एक गोळी चालू आहे’ एवढंच सांगू नका. गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या, आणि स्टेंट कोणत्या महिन्यात बसवला तेही सांगा.